कडूबाईच्या शेळ्या

१

सोमवारी सकाळी नऊ वाजता भिवराबाईच्या पत्र्याच्या पेटीत काय काय होतं याची यादी मी स्वतः केली, आणि माझ्या याद्यांत आजवर ऑडिटरलासुद्धा खोट सापडलेली नाही. एक झिजलेली जरीची चोळी. पितळी बक्कल असलेला पट्टा. अडकित्ता. वाळवीने खाल्लेल्या कागदांचा ओंजळभर भुगा. आणि घट्ट गाठ मारलेली एक लाल चिंधी.

मेडल त्या चिंधीत असायला हवं होतं. भिवराबाईने सगळ्यांसमोर दातांनी गाठ सोडली. चिंधी आतून हळदीने पिवळी झालेली होती, बाकी काही नव्हतं.

"गेलं!" भिवराबाई म्हणाली आणि सोसायटीच्या फरशीवर मटकन बसली. "माझं मेडल कुनी तरी नेलं की हो!"

मी उत्तरेश्वर, मोरदरा गावच्या सेवा सहकारी सोसायटीचा सचिव. सचिव म्हणजे दुष्काळात ज्याच्या दारात सगळं गाव बसतं आणि सुकाळात ज्याला कोणी रामराम घालत नाही असा माणूस. त्या वर्षी निम्मा श्रावण सरला तरी धारूरच्या डोंगरावर ढगाचा ठिपका नव्हता. गोदामात खताऐवजी सरकारी कडबा, तिसऱ्या दिवशी एक टँकर, आणि माझ्या डोक्यावर चारा डेपो. त्यात आज माजी सैनिकांचा कॅम्प माझ्याच ऑफिसात भरवायचा ठरला होता, कारण गावात डोक्यावर पंखा फिरणारी दुसरी जागा नव्हती. पंखा वीज असली तर फिरायचा, ही गोष्ट वेगळी.

मेडल भंगारात दिलं असतं तर चहासुद्धा मिळाला नसता. पण भिवराबाईचं सगळं त्यावर अडलं होतं. तिचा नवरा सटवा घरची मेंढरं सोडून नगरला भरती झाला, ब्रह्मदेशात लढला आणि शेहेचाळीस साली एक घोंगडी आणि रेल्वेचा पास घेऊन परत आला. पंधरा वर्षं नोकरी नाही म्हणून पेन्शन नाही. दहा वर्षांपूर्वी तो वारला. आणि आता, तो गेल्यावर, सरकारला आठवण झाली होती. दुसऱ्या महायुद्धातल्या असल्या बिनपेन्शनच्या शिपायांना, ते नसतील तर त्यांच्या बायकांना, दरमहा मदत मिळणार होती. फक्त नवऱ्याचा फौजेतला नंबर सांगायचा. नंबराचे कागद वाळवीने खाल्ले होते. पण त्या काळच्या मेडलाच्या काठावर शिपायाचा नंबर ठोकलेला असतो, म्हणून मेडल.

मागचे दोन कॅम्प कागदाच्या शोधात गेले. हा तिसरा, आणि आज संध्याकाळी यादी बीडला जाऊन बंद होणार होती. यादीत नाव नाही आलं तर दसऱ्यानंतर भिवराबाई बासष्टाव्या वर्षी ऊसतोडीच्या टोळीबरोबर ट्रकात बसणार होती. मुकादमाशी बोलणं झालं होतं. मागे राहणार होती तिची आंधळी सासू कडूबाई, वय सत्त्याऐंशीच्या पुढेमागे. सहा महिने तिच्या तोंडात घास कोण घालणार, हे गावात कोणी मोठ्याने विचारत नव्हतं.

ती कडूबाई आत्ताही दाराच्या डाव्या बाजूला भिंतीला टेकून बसली होती आणि नेहमीप्रमाणे शेळ्या मोजत होती.

"छे, सिफर, चार, नौ, सिफर, दो. छे, सिफर, चार, नौ..."

शेळ्या पंधरा वर्षांपूर्वी विकल्या, मोजणी चालूच आहे. गावातल्या पोरीबाळी तिची नक्कल करतात.

"ती बाई काय म्हणते?" कॅम्पचे साहेब मला विचारत होते.

"काही नाही साहेब, शेळ्या मोजते. डोक्याने गेलेली आहे."

साहेबांनी मान डोलावली. हे साहेब म्हणजे त्रिंबकराव, मूळचे तलवाड्याचे, बीडच्या सैनिक कार्यालयाचे कल्याण संघटक. सव्वीस वर्षं सिग्नलच्या पलटणीत कानाला यंत्र लावून बसल्यामुळे त्यांचा डावा कान कायमचा बंद झाला होता. म्हणून समोरच्याला ते आधी उजवीकडे बसवत, मग प्रश्न विचारत. माणूस किडकिडीत, मिशा मात्र दोन माणसांना पुरतील एवढ्या.

त्यांनी ती चिंधी उचलली, गाठीचा वळ बोटाने चाचपला, वास घेतला.

"चोर गाठ सोडतो आणि चिंधी फेकून पळतो," ते म्हणाले. "मेडल काढून पुन्हा गाठ मारून, पेटी बंद करून, जिथल्या तिथे ठेवून जाणारा चोर मी पाहिलेला नाही. साडेचारची एसटी गेली की यादी गेली. तेवढ्यात मेडल सापडलं पाहिजे. ताई, ही पेटी घराबाहेर शेवटी कोणाच्या हातात होती?"

भिवराबाईने पदराने डोळे पुसले आणि सरळ माझ्याकडे बोट केलं.

२

अब्रूदार माणसाच्या आयुष्यात असा क्षण येऊ नये.

"बसा सचिव," त्रिंबकराव म्हणाले. "उजवीकडे."

मी माझ्याच ऑफिसात, माझ्याच खुर्चीसमोर, स्टुलावर बसलो. खरं ते सांगितलं. भिवराबाई मेडल घेऊन माझ्याकडे तीनदा आली होती. भिंग माझ्याकडे आहे, चष्मा माझ्याकडे आहे, तेवढा काठावरचा नंबर वाचून द्या, म्हणत होती. पहिल्यांदा मी म्हणालो उद्या ये. दुसऱ्यांदा म्हणालो, चाऱ्याची गाडी उतरतेय, दिसत नाही का? गुरुवारी ती बिचारी अख्खी पेटीच टेबलावर ठेवून गेली, की सवडीने बघा. संध्याकाळी येऊन घेऊन गेली.

"म्हणजे दिवसभर पेटी तुमच्यासमोर होती."

"होती."

"उघडलीत?"

"नाही."

"का?"

"चाऱ्याच्या पावत्या..." मी म्हणालो. दोन मिनिटांचं काम होतं. ते मी केलं असतं तर आज मेडल गेलं काय नि राहिलं काय, नंबर कागदावर असता. त्या क्षणी मला चोर ठरलेलं परवडलं असतं.

"सचिवसाहेबांनी न्हाई घेतलं," भिवराबाईच मध्ये बोलली. तिचा हा चांगुलपणा मला जास्त लागला. "गुरवारी घरी नेताना म्या चिंधीवरनं दाबून बघितलं, आत गोल लागलं. शुक्करवारपासून म्या पाझर तलावाच्या कामावर. खडी फोडाया. दिस उगवता जाते, मावळता येते. आज सकाळी पेटी उचलली ती थेट हितं."

"घरी कोण असतं?"

"आत्याबाई." तिने सासूकडे हात केला. "त्यांना कुठं दिसतंय?"

त्रिंबकराव येरझाऱ्या घालायला लागले. भिंतीवरच्या सोसायटीच्या फोटोंसमोरून ते दोनदा गेले. तिसऱ्यांदा थांबले आणि नाक काचेला टेकेपर्यंत पुढे झुकले.

फोटो गेल्या वर्षीच्या झेंडावंदनाचा होता. मध्यभागी आमचे चेअरमन मोहनराव, छाती काढून. आणि त्या छातीवर, जाकिटाच्या डाव्या खिशाच्या वर, टाचणीने लावलेलं एक मेडल.

३

मोहनरावांना बोलावणं गेलं. ते आले तेच ओरडत. "कोन म्हनतं म्या चोरलं? ह्या गावात चेअरमनला कुनी इज्जत देत न्हाई, मी राजीनामा देतो!" हा राजीनामा ते महिन्यातून दोनदा देतात. आम्ही कोणी स्वीकारत नाही, कारण पुढे निवडणूक घ्यावी लागेल आणि ती मलाच घ्यावी लागेल.

"मोहनराव, तुम्ही कोणत्या पलटणीत होता?" त्रिंबकरावांनी शांतपणे विचारलं.

"म्हंजे तसा... पलटनीत न्हवतो."

"कुठल्या आघाडीवर?"

मोहनराव खाली बसले. उजवीकडे, न सांगता.

त्रिंबकरावांनी बॅगेतून एक फाइल काढली. तीत तोच फोटो होता, धाकट्या आकारात, आणि सोबत अर्ज. अर्जदार माजी सैनिक असून त्यांना मिलिटरी कॅन्टीनचं कार्ड मिळावं. पुरावा म्हणून फोटो जोडला आहे. खाली मोहनरावांची सही.

"कॅन्टीनमध्ये रम स्वस्त मिळते," त्रिंबकराव म्हणाले. "तीसुद्धा सरकारी सवलतच आहे म्हणा. पण ज्याने रक्त दिलं त्याला रम, असा हिशेब आहे. तुम्ही काय दिलंत?"

"साहेब, सोडा की आता," मोहनराव घामाघूम होत म्हणाले. "मेडल म्या झेंड्यापुरतं मागून नेलतं, दुसऱ्याच दिशी, सोळा तारखंला परत केलं, म्हातारीच्या हातात. ह्या वेळंला म्या गावातच न्हवतो. शुक्करवारी सकाळीच बीडला गेलतो, काल रात्री आलो. टँकर मागाया."

"टँकर तर येतो ना?"

मोहनरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. मग त्यांनीच सांगितलं.

आमच्याकडे पावसाने फारच डोळे वटारले की महादेव कोंडतात. देवळाच्या गाभाऱ्याचा उंबरा मातीने लिंपून बंद करायचा, पिंड बुडेपर्यंत आत पाणी भरायचं आणि दाराला कुलूप घालायचं. देव गुदमरला की त्याला आपल्या प्रजेचं दुःख कळतं आणि तो पाऊस पाठवतो. पाऊस पडेपर्यंत दार उघडायचं नाही. मध्ये उघडलं तर बारा वर्षं पाणी नाही, असं जुने लोक सांगतात. शुक्रवारी गावाने महादेव कोंडला. गाभारा मोठा, विहिरी कोरड्या. निम्मा टँकर देव पिणार हे आधीच ठरलेलं. म्हणून माणसांसाठी दुसरा टँकर मागायला चेअरमन बीडला.

"कलेक्टर कचेरीत तीन दिस बसलतो, टंचाईपायी ऐतवारी बी उघडी हाय," मोहनराव म्हणाले. "इचारा कुनालाबी."

ते खरं होतं. त्यांच्या तिथल्या जेवणाची बिलं आजच सकाळी माझ्या टेबलावर आली होती.

"मग संशय कोणावर?"

मोहनराव पुढे झुकले. "तिच्या दिरावर धरा. आसारामवर. मागल्या म्हैन्यात भर पारावर बोलला, मेडलात माझा वाटा हाय, मी बी बघतो ती एकटी कशी खाती."

४

आसाराम हा सटवाचा धाकटा भाऊ. वयाने सत्तरीचा, आवाजाने विशीचा. ओढ्याच्या कोरड्या पात्रात मेंढरं बसवून तो बाभळीच्या फाट्याला टेकला होता. मी आणि त्रिंबकराव उन्हातून तिथवर गेलो तेव्हा बारा वाजून गेले होते.

"म्हनलो की," तो ताडकन म्हणाला. "पुन्ना म्हनतो. अर्धं मेडल माझं हाय."

"ते कसं काय, मामा?"

"दादा गेला लढाया. त्याची चाळीस मेंढरं कुनी राखली? म्या. चार वर्सं. लांडगा आला तवा काठी घेऊन कोन हुबा राह्यला? म्या. तिकडं त्यानं जपान्याला हाणलं, हिकडं म्या लांडग्याला. त्याला मेडल, मला काय? सरकारला इचारा की, कावून न्हाई दिलं मला?"

त्रिंबकरावांनी मिशीवरून हात फिरवला. सव्वीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नसावा.

"म्हणून तुम्ही मेडल घेतलं?"

"घेतलं असतं तर गावभर दावलं असतं! लपवाया घेतो का मानूस?" आसाराम खवळला. "आन मी पंधरा दिस वडवणीच्या रानात होतो, चाऱ्याला. काल मावळताना आलो, मेंढरं बसवली. घराकडं गेलो बी न्हाई." मग एकदम आवाज उतरला. "वैनी खरंच जाती का हो टोळीवर?"

"नंबर नाही मिळाला तर जाईल."

आसारामने काठीने वाळू उकरली. "मायला मी नेलं असतं माझ्याकडं. पर आमचं हे असं. आज हितं, उद्या तितं. आंधळ्या मानसाला मेंढरामागं कसं फिरवू?" त्याने डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं. "तुमी सगळ्यांला इचारलं. चेअरमनला इचारलं, मला इचारलं. मायला इचारलं का?"

"तिला दिसत नाही, मामा."

"दिसत न्हाई, पर पावलाच्या आवाजावरनं मानूस वळखती. रातीला मेंढरात परकं मेंढरू शिरलं तर खोकल्यावरनं सांगती. ती घरात असताना बाहेरचा मानूस पेटीपर्यंत गेला आन तिला कळलं न्हाई? हॅट!"

त्रिंबकराव तडक परत निघाले. ऑफिसच्या दाराशी आल्यावर म्हणाले, "सचिव, आपण दोघे गाढव आहोत." मला मोठी पदवी मिळाल्यासारखं वाटलं, कारण सकाळी मी चोर होतो.

५

कडूबाई होती तिथेच होती. भिवराबाईने तिच्यासमोर भाकरी कुस्करून ठेवली होती. त्रिंबकराव तिच्यापुढे उकिडवे बसले आणि तिच्याइतक्याच मोठ्याने बोलायला लागले.

"आजी, शुक्रवारपासून घरी कोण कोण आलं?"

"कुनी न्हाई आलं," कडूबाई घास गिळून म्हणाली. तिचं बोलणं एकदम स्वच्छ होतं. "आश्रुबा गुरव आलता तेवडा. देव न्यायला."

मी लगेच खुलासा केला. महादेव कोंडताना घरटी एक देवही त्याच्या सोबतीला पाण्यात सोडतात. चांदीच्या पत्र्यावर ठोकलेला खंडोबाचा टाक, भवानीचा टाक, ज्याच्या घरी जे असेल ते. गुरव परात घेऊन दारोदार फिरतो.

"मग आजी, तुम्ही कोणता देव दिलात?"

"सटवा दिला," कडूबाई म्हणाली.

भिवराबाईच्या हातातला तांब्या खाली पडला. त्यातलं पाणी सांडलं, आणि त्या दिवसांत सांडलेल्या पाण्याकडे कोणी पाहिलं नाही म्हणजे बघा.

"आत्याबाई! मेडल दिलं?"

"मेडल काय म्हनतीस? टाक हाय माझ्या लेकाचा." म्हातारी ठसक्यात बोलली. "मेलेल्या कर्त्या मानसाचा टाक करून देवात ठिवायचा असतो का न्हाई? तुज्याकडं चांदीला पैसा न्हवता. सरकारनं करून दिलता, मंग दुसरा कशाला? तोंड हाय त्याच्यावर. म्या बोटानं बघते ना. नाक सटवाचंच हाय. डोक्याला मुंडासं बी हाय."

ते मुंडासं म्हणजे इंग्लंडच्या राजाचा मुकुट होता, आणि नाकही त्याचंच. दहा वर्षं दर अमावास्येला, सून कामावर गेली की, म्हातारी पेटी उघडायची. राजाला चिंचेने आणि राखेने घासायची, हळद लावायची, निवद दाखवायची आणि पुन्हा गाठ मारून ठेवायची. एवढी सेवा त्याच्या देशात त्याची कोणी केली नसेल.

"गुरव म्हनला, घरातला मोठा देव द्या. आमच्यात मोठा कोन? तोच. म्या दिला. त्यानं पाऊस आनला तर समद्यांचंच भलं हाय."

त्रिंबकराव उठले. "चोरी नाही, चोर नाही. मेडल पाण्यात आहे आणि कुठे आहे ते आपल्याला माहीत आहे. चला, काढून आणू." घड्याळात अडीच वाजले होते.

मी जागचा हललो नाही. पाहुण्या माणसाला एकदा सांगून कळलं नव्हतं. ते दार उघडायचं नसतं.

६

देवळासमोर तासाभरात अख्खं गाव जमलं. आश्रुबा गुरव गाभाऱ्याच्या दाराला पाठ लावून उभा होता, हात दोन्ही बाजूंना पसरून.

"माझ्या मढ्यावरनं जा," तो म्हणाला.

"अरे, तू ते परातीत घेतलंस तेव्हा तुला कळलं नाही का?" मी चिडून म्हणालो. "देव कधी इंग्रजाच्या तोंडाचा असतो?"

"कळलं ना, टोपीवाला देव हाय म्हनून," आश्रुबा म्हणाला. "पर देव कुटला, काय, असं इचारायचं नसतंय. म्हातारीनं इतक्या भावानं दिला, कसा परत करू? पुसून ठिवला मधोमध, पिंडीपाशी."

मग जे व्हायचं ते झालं. मोहनराव म्हणाले, कुलूप तोडा, चेअरमन म्हणून मी परवानगी देतो. चार म्हातारे म्हणाले, तोडून तर बघा. आसारामही मेंढरं सोडून आला आणि कोणाच्या बाजूने ते न ठरवताच भांडायला लागला. पावसाला बोलवायचं की बाईला वाचवायचं, असा पेच. आणि देवळाच्या आत निम्मा टँकर पाणी, बाहेर उन्हाने करपलेली माणसं. मलाही वाटलं, तोडावं कुलूप. माझ्या दोन मिनिटांच्या आळसापायी ही वेळ आली होती, आणि बारा वर्षांच्या अवर्षणाची भीती मला त्या घटकेला वाटत नव्हती.

तेव्हा भिवराबाई पुढे झाली.

"नगा उघडू," ती म्हणाली. "समद्या गावाचे देव हायत आत. उद्या पाऊस न्हाई आला तर लोक म्हनतील, हिच्यापाई न्हाई आला. पिकं जळाली की माझं नाव, जनावर मेलं की माझं नाव. त्यापरीस म्या टोळीवर जाते. आत्याबाईला तेवडं कुनी तरी भाकर देत जावा."

भांडणारे एकेक करून मागे सरले. मोहनरावसुद्धा राजीनामा न देता सरले, यावरून काय ते समजा. मला रडायला आलं. मी चष्मा पुसत उभा राहिलो.

पावणेचार वाजले होते. त्रिंबकराव देवळाच्या पायरीवर बसले. बॅग मांडीवर, भिवराबाईचा अर्धा भरलेला अर्ज बॅगेवर, आणि नंबराची जागा कोरी. कडूबाईला आसारामने हाताला धरून आणलं होतं, तिला त्याने त्याच पायरीवर टेकवलं. या खेपेला ती त्रिंबकरावांच्या उजवीकडे आली. गर्दीचा आवाज बंद झाला तशी तिची मोजणी ऐकू यायला लागली.

"छे, सिफर, चार, नौ, सिफर, दो. छे, सिफर, चार..."

त्रिंबकरावांची मान हळूहळू वळली.

"सचिव, आजी काय म्हणतात म्हणालात?"

"शेळ्या मोजते साहेब. सांगितलं ना सकाळी."

"उत्तरेश्वरराव," ते एकदम हळू बोलले, "तुम्ही आयुष्यभर मोजणी केलीत. सिफर म्हणजे शून्य. शून्य शेळी तुम्ही कधी पाहिलीत?"

मी बोटांवर मोजून पाहिलं. शून्याला बोट नव्हतं.

"चारानंतर पाच येतात, नऊ येत नाहीत. आणि मेंढरांतली बाई विसांनी मोजते, मराठीत मोजते. ही उर्दूत मोजते, एकेक आकडा सुटा करून, आणि दर वेळी तेच सहा. सव्वीस वर्षं मी वायरलेसवर बसलो. आकडे असे सुटे एकाच कामासाठी सांगतात. ऐकणाऱ्याची चूक होऊ नये म्हणून." त्यांनी म्हातारीचा हात हातात घेतला. "आजी, हा नंबर कोणाचा?"

कडूबाई हसली. तिला दात दोनच होते.

"कुनाचा म्हंजे? सटवाचा! तो गेल्यावर म्या धारूरच्या मुन्शीकडं गेलते, कागद लिवाया. मुन्शी म्हनला, नाव गाव लिवून उपेग न्हाई. हजार सटवा असतील पलटनीत. नंबर पायजे, नंबर चुकला की कागद दुसऱ्याच्या लेकाला जाईल. त्यानं मला पाठ करून दिला. मला लिवता येत न्हाई ना बाबा. दर बाजारी चार कोस जायाची, घाट चढताना इसरू नये म्हनून वाटभर म्हनत जायाची. तो आला परत. त्यो नंबर काय तोंडातनं गेला न्हाई."

"तो आल्यावरही?"

"आला, मंग ऱ्हायला, मंग मेला," म्हातारी म्हणाली. "आता तर जास्तच म्हनाया पायजे. लई लांब गेलाय. नंबर चुकला तर त्याला कसं कळंल, माय इचारती म्हनून?"

त्रिंबकरावांनी पेन काढलं. सहा चौकोनांत सहा आकडे त्यांनी छापल्यासारखे लिहिले. सहा, शून्य, चार, नऊ, शून्य, दोन.

"फौजेच्या दफ्तरात नंबर आणि नाव दोन्ही जुळलं पाहिजे," ते उठत म्हणाले. "जुळलं तर मेडल पाण्यात राहू द्या, मला त्याची गरज नाही."

घाटात एसटीचा हॉर्न वाजला. सगळं गाव त्यांची बॅग धरून धावलं. बॅग धरायला एक माणूस पुरला असता.

७

दफ्तराचं उत्तर यायला पावणेदोन महिने लागले. तोवर मुकादम दोनदा येऊन गेला आणि भिवराबाईने विळा-कोयत्याला धार लावून ठेवली. मी रोज टपालाच्या वेळेला दारात उभा राहायचो. पोस्टमनला वाटलं माझं कुठे तरी लग्न जमतंय.

आश्विनात परतीचा पाऊस आला. भरपूर नाही, पण विहिरींत गुडघाभर पाणी आलं. आश्रुबाने वाजतगाजत गाभारा उघडला आणि ज्याचे देव त्याला दिले. टोपीवाला देव मी मागून घेतला. ऑफिसात आणून भिंग लावलं, चष्मा लावला, उन्हात धरून पाहिलं.

काठ गुळगुळीत होता. दहा वर्षांच्या चिंचेने आणि राखेने नंबर पार झिजून गेला होता. शेवटचा दोन तेवढा, सांगितलं म्हणून, दिसल्यासारखा वाटत होता. म्हणजे त्या दिवशी आम्ही कुलूप तोडलं असतं तरी हाती काही लागलं नसतं. आणि गुरुवारी मी दोन मिनिटं काढून पाहिलं असतं तरी मला वाचता आला नसता. हे कळल्यावर मला सुटल्यासारखं वाटेल अशी माझी कल्पना होती. तसं काही वाटलं नाही. पाहिलं नव्हतं ते नव्हतंच.

मंजुरीचा कागद त्याच आठवड्यात आला. मी डेपोला कुलूप लावलं, चार माणसं ओरडत असताना लावलं, आणि कागद नि मेडल घेऊन स्वतः भिवराबाईच्या घरी गेलो. तिने कागद कपाळाला लावला. मग कोयता आढ्याला खोचून ठेवला आणि चहा टाकायला आत गेली. मी मेडल म्हातारीच्या तळव्यावर ठेवलं. तिने बोटाने नाक चाचपलं, मुंडासं चाचपलं.

"पत्र गेलं का रं सटवाला?" तिने विचारलं.

"गेलं, आजी. आणि उत्तरपण आलं."

"काय म्हनतोय?"

"म्हणतोय, आता दर महिन्याला पाठवीन. भिवराला कुठे जाऊ देऊ नका."

तिने मेडल पदराच्या टोकाला बांधलं. मग तिने चाचपडत माझ्या हातातला कागद धरला.

"नंबर घातलाय का त्यानं? वाच बरं."

मी चष्मा लावला आणि एकेक आकडा सुटा करून वाचला. छे. सिफर. चार. नौ. सिफर. दो.

"बराबर हाय," कडूबाई म्हणाली. "त्याचाच हाय कागद."